सोनोग्राफीत ‘शंका आहे’ म्हणाले, आता काय करायचं?



धावड्याहून सोनोग्राफीला भोकरदन, सिल्लोड नाहीतर जालना गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. त्यात डॉक्टर म्हणाले, “जरा शंका आहे, पुन्हा बघू,” की पायाखालची जमीनच सरकते. घरी आल्यावर कुणी म्हणतं, ग्रहणात भाजी चिरली असेल. ग्रहणाने बाळाला व्यंग येत नाही. बहुतेक वेळा आईच्या हातून काही चुकलेलं नसतं. म्हणून आधी तिला बोल लावणं थांबवा.

सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरींनी काढलेलं चित्र. त्यात दिसलेली शंका म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. पाचव्या महिन्यात वार खाली दिसली, तर बहुतेक बायांची ती पुढे वर सरकते. त्या वेळी बाळ आडवं किंवा पायाळू असलं तरी त्याला फिरायला अजून जागा असते. नाळ मानेभोवती दिसणं तर नेहमीचंच. बहुतेक बाळंतपणं तरीही सुखरूप होतात. पाणी कमी किंवा बाळाची वाढ कमी असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील त्या तारखेला पुन्हा तपासणी करायलाच हवी.

काही वेळा व्यंग खरंच असतं. पण व्यंग म्हणजे सगळं संपलं असं नाही. फाटलेल्या ओठावर ऑपरेशन होतं, वाकडं पाऊल प्लास्टरने सरळ करता येतं, हृदयाच्या अनेक दोषांवर इलाज आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात असे उपचार मोफत मिळतात. आशाताईंना विचारा.

दोष फारच गंभीर असेल तर कायदा काय म्हणतो? 2008 साली मुंबईच्या निकेता मेहता यांना बाळाच्या हृदयात दोष असल्याचं 20 आठवडे उलटल्यावर कळलं. तेव्हा मर्यादा 20 आठवड्यांचीच होती, आणि उच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी दिली नाही. 2021 मध्ये कायदा बदलला. आता बाळात गंभीर व्यंग असल्याचं सरकारी वैद्यकीय मंडळाने सांगितलं, तर 24 आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. बाई 18 वर्षांवरील असेल तर संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची किंवा सासूची नाही. ठेवायचं की नाही, हे तिनेच ठरवायचं. तिला घाई करू नका, दाबही टाकू नका.

पण विचार करायला वेळ हवा, म्हणून तपासणी वेळेत हवी. व्यंग बघायची मोठी सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांत करून घ्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. पुढची तपासणी लागली तर जालन्याचं जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, संभाजीनगरची घाटी आहे.

डॉक्टरांसमोर गप्प बसू नका. विचारा: नेमकं काय दिसलं? खात्रीने की शंका? पुढची तपासणी कोणती, कुठे, किती दिवसांत? बाळ जन्मल्यावर इलाज आहे का? बाळंतपण कुठे करावं? उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा, कागदावर लिहून घ्या. सगळे जुने रिपोर्ट सोबत ठेवा. मुलगा की मुलगी, हे मात्र विचारू नका. ते सांगणं गुन्हा आहे.

रक्त गेलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तारखेची वाट न बघता लगेच 108 ला फोन करा.

गटातल्या बायांचंही काम आहे. अशा बाईसोबत एकीने दवाखान्यात जावं, कारण घाबरल्यावर अर्धं ऐकूच येत नाही. गाडीभाड्याला गटातून लगेच कर्ज द्यावं, पुढच्या बैठकीची वाट बघू नये. तिची गोष्ट गावभर करू नये. आणि तिला रडावंसं वाटलं तर रडू द्यावं, जवळ बसावं.