घरातलं नेटवर्क, भाग ६ : दुसरा स्विच जोडताना

दिवाळीच्या साफसफाईनंतर बहिणीच्या घरचं नेट गेलं. घर तीन मजली. तळमजल्यावर राउटर, वरच्या दोन्ही मजल्यांवर एकेक स्विच. "दादा, वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतायत, पण काही उघडतच नाही," ती फोनवर म्हणाली. प्रिंटर सापडेना, कॅमेरे दिसेनात. मी पोचलो तर पहिल्या मजल्यावरच्या स्विचचे सगळे दिवे एकदम, एका ठेक्यात लुकलुकत होते. एरवी ज्याचा त्याचा दिवा आपल्या लयीत लुकलुकतो, त्यामुळे शंका तिथेच आली. कपाटामागे केबलचं एक मोकळं टोक सापडलं होतं आणि भाच्याने ते रिकाम्या पोर्टात नीट बसवलं होतं. त्या केबलचं दुसरं टोक आधीपासून त्याच स्विचमध्ये होतं! एक टोक उपसलं आणि मिनिटभरात नेट आलं.

एवढ्याशा वेटोळ्याने अख्खं घर का बंद पडतं? स्विच मॅक पत्ते लक्षात ठेवून ज्याचं त्याला पोचवतो, हे मागच्या भागात पाहिलं. पण काही निरोप सगळ्यांसाठीच असतात. नव्याने जोडलेला लॅपटॉप "मला आयपी पत्ता कोण देतं?" असं विचारतो, तेव्हा स्विच तो निरोप आला ते पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांतून पाठवतो. वेटोळं असलं की तोच निरोप फिरून परत येतो आणि पुन्हा सगळीकडे जातो. आयपीच्या पाकिटावर एक आकडा असतो. दर राउटरला तो एकाने घटतो आणि शून्यावर पाकीट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडाच नाही, म्हणून ती फिरतच राहते.

यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. तिच्यात स्विच आपापसात बोलून जादा वाट बंद ठेवतात. मोठ्या ऑफिसांचं जाळं त्यावर तगून आहे. घरगुती, साध्या स्विचमध्ये मात्र ती बहुधा नसते. म्हणून कोणत्याही स्विचपासून राउटरपर्यंत वाट एकच हवी, आणि ती सांभाळायचं काम आपलं.

राउटरच्या लॅन पोर्टातून एक केबल मुख्य स्विचला आणि तिथून दर मजल्याला एकेक, ही मांडणी मला सगळ्यात पसंत. स्विचला स्विच जोडत माळही करता येते, पण मधल्याचा अडॅप्टर गेला की पुढचं सगळं बंद. वीज गेल्यावरही तेच, म्हणून मुख्य स्विच राउटरबरोबर इन्व्हर्टरवरच ठेवा.

जुना राउटर स्विच म्हणून वापरताना बरेचजण केबल त्याच्या वॅन पोर्टात लावतात. मग तो आपलं वेगळं नेटवर्क थाटतो आणि खालच्या मजल्यावरून वरचा प्रिंटर दिसत नाही. आधी त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा आयपी मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा आणि केबल लॅन पोर्टात लावा.

बहिणीकडे निघण्याआधी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्यावर मजला लिहिला. कपाटामागची केबल गुंडाळून भाच्याकडे दिली. पुढच्या आठवड्यात तीच कापून क्रिम्पिंग शिकू.