पाहुण्या ससाण्याचे छायाचित्र

पावसाळा सरून आश्विनातील आकाश निवळू लागले, की उत्तरेकडील थंड प्रदेशांतून निघालेले पक्ष्यांचे थवे भारतात येऊ लागतात. चक्रवाकासारखे काही पाहुणे हिवाळाभर आपल्याकडे मुक्काम करतात. काही मात्र केवळ वाटसरू असतात. ते थोडे दिवस विसावतात आणि पुढे निघून जातात. अमूर ससाणा हा अशाच वाटसरूंपैकी एक होय.

हा पक्षी पारव्याहून किंचित लहान असून त्याचे वजन सुमारे १५० ग्रॅम असते. पूर्व सैबेरिया व उत्तर चीन या प्रदेशांत तो पिले वाढवितो आणि थंडीच्या दिवसांत आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. वाटेत त्याला अरबी समुद्र ओलांडावा लागतो. सुमारे ३००० किलोमीटरच्या त्या प्रवासात विसाव्याला ना फांदी, ना खडक! म्हणून समुद्रावर झेप घेण्यापूर्वी तो भारतात पंखवाल्या वाळव्या व अन्य कीटक खाऊन अंगी चरबी साठवितो. ईशान्य भारतात त्याचे प्रचंड थवे उतरतात. महाराष्ट्रात मात्र तो क्वचितच आढळतो. लोणावळ्याच्या परिसरात नोव्हेंबरच्या सुमारास तो दिसला, म्हणजे पक्षिनिरीक्षकांच्या आनंदाला पारावार राहत नाही.

अशा दुर्मिळ पक्ष्याच्या नोंदीस पुरावा हवा. पूर्वी अभ्यासक पक्षी मारून त्याचे कातडे संग्रहालयात ठेवीत. आज ते काम पुष्कळ अंशी छायाचित्राने होते आणि पक्षी जिवंत राहतो. अमूर ससाण्याचा नर गडद राखाडी असतो. परंतु उडताना त्याच्या पंखांच्या आतील बाजूचा पुढचा भाग पांढराशुभ्र दिसतो. डोळ्यांना क्षणभरच दिसणारी ही खूण कॅमेरा टिपून ठेवतो. चित्रासोबत दिनांक व स्थळ लिहिले, की ती विश्वसनीय नोंद होते.

तथापि चित्राच्या लोभाने पाहुण्याला पीडा देणे योग्य नव्हे. जाणता छायाचित्रकार सूर्याकडे पाठ करून दूर बसतो, लांब पल्ल्याचे भिंग वापरतो आणि पक्षी आपणहून जवळ येण्याची वाट पाहतो. पक्षी खाणे थांबवून मान उंचावू लागला, की तो तेथेच थांबतो किंवा मागे सरतो. कारण हुसकावलेल्या पक्ष्याचे प्रत्येक उड्डाण त्याच्या साठविलेल्या चरबीतून खर्च होते, आणि ती चरबी हीच त्याची समुद्रावरील शिदोरी असते.

छायाचित्राचे सामर्थ्य किती, हे नागालँडमधील घटनेवरून कळते. २०१२ साली तेथील दोयांग जलाशयाजवळ मांसविक्रीसाठी हजारो अमूर ससाणे जाळ्यांत पकडले जात होते. त्या शिकारीची छायाचित्रे व चित्रफीत प्रसिद्ध होताच देशोदेशींचे लोक हळहळले. परंतु केवळ हळहळीने पक्षी वाचत नाहीत. शासन, निसर्गप्रेमी संस्था व गावकरी एकत्र आले. मांसविक्रीतून मिळणाऱ्या पैशांवर गावकऱ्यांनी पाणी सोडले आणि २०१३ च्या हंगामात शिकार थांबली. त्याच वर्षी तेथील तीन ससाण्यांच्या पाठीवर लहानशी यंत्रे बसविण्यात आली. उपग्रहाच्या साहाय्याने त्यांच्या आफ्रिकेपर्यंतच्या वाटचालीचा माग घेता आला. ज्या गावांत जाळी पसरली जात, तेथे आता हे पक्षी पाहण्यास दूरदूरचे लोक जातात.

उत्तम छायाचित्र कोणते, याचे उत्तर यातच आहे. ज्याने सत्य सांगितले आणि ज्याच्यासाठी पक्ष्याला घास सोडून उडावे लागले नाही, ते छायाचित्र थोडे अस्पष्ट असले तरी मोलाचे होय.