चेक बाळाचे शब्द कसे मोजतात?

दीड-दोन वर्षांच्या मुलाचे वजन काट्यावर कळते, उंची पट्टीवर कळते; त्याचे बोलणे मात्र परका माणूस समोर बसला की गप्प होते. मग ते मोजावे कसे? चेक भाषा बोलणाऱ्या मुलांपुरता हा प्रश्न आज आपण घेणार आहोत. विषय दूरदेशचा वाटेल. पण तीन लिंगे आणि विभक्ती यांत वाढलेल्या मराठी माणसास त्यातली अडचण चटकन उमगेल, असा आमचा भरवसा आहे.

जुना मार्ग रोजनिशीचा. बर्नो येथील विदुषी यारोस्लावा पाचेसोवा यांचा मुलांच्या शब्दसंग्रहाच्या वाढीवरील ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. अशा बारकाईच्या नोंदींचे मोल मोठे आहे. तथापि एका मुलाच्या वहीवरून शेजारचे मूल मागे आहे की नाही, हे ठरत नाही. त्यासाठी शेकडो मुले हवीत.

तो मार्ग अमेरिकेत निघाला. १९९३ साली तेथे पालकांसाठी एक प्रश्नावली छापली गेली. तिच्यातली युक्ती साधी आहे. ‘तुमचे मूल किती शब्द बोलते?’ असे आईला विचारले तर ती गोंधळते. पण छापील यादी हाती देऊन ‘यांतले कोणते बोलते, त्यांवर खूण करा’ म्हटले की नेमके सांगते. आठवणे कठीण, ओळखणे सोपे! उच्चार बोबडा असला तरी शब्द धरला जातो. हे योग्यच आहे. चेक भाषेतला ‘र’ आणि ‘झ’ एकत्र घोळवल्यासारखा जो वर्ण आहे, तो पुष्कळ मुलांना शाळेच्या वयापर्यंत साधत नाही. अगदी लहानांच्या प्रश्नावलीत समजणारे शब्द, बोट दाखवणे, हात हलवून निरोप घेणे यांचीही विचारपूस असते.

चेक अभ्यासकांनी हीच पद्धत घेतली. पण यादीचे नुसते भाषांतर करून भागत नाही. चेक घरात कुत्रा ‘हाफ’ करतो, आणि आई ‘पेस’ म्हणण्याऐवजी लाडाने ‘पेयसेक’ म्हणते. हे दोन शब्द मोजायचे की एक? खरी पंचाईत तर व्याकरणाच्या पानावर होते. चेक नामाला सात विभक्ती. ‘पेस’ म्हणजे कुत्रा. ‘कुत्रा दिसतो’ हे तो ‘मला दिसतो’ या अर्थाने सांगायचे तर ‘विदीम प्सा’, पण टेबल दिसत असेल तर ‘विदीम स्तूल’. पुल्लिंगी नामांत सजीवाचे रूप बदलले, निर्जीवाचे नाही. आपणही ‘आईला पाहतो’ म्हणतो आणि ‘झाड पाहतो’ म्हणतो. तेव्हा हा भेद आपल्याला अगदीच परका नाही. शिवाय लिंग, वचन, विभक्ती ही तिन्ही चेकमध्ये एकाच प्रत्ययात मिसळलेली असतात. इंग्रजी मुलांसाठी रॉजर ब्राउन यांनी १९७३ च्या ग्रंथात वाक्याची लांबी शब्दावयवांनी मोजली. ते माप येथे लावताना त्या एका प्रत्ययाला एक म्हणावे की तीन, हा वाद उभा राहतो. म्हणून इंग्रजी मुलांचे आकडे चेक मुलाच्या माथी मारता येत नाहीत. चेक मुलाची तुलना चेक मुलांशीच व्हायला हवी.

एवढा खटाटोप कशाला? दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नास शब्दही नसतील, किंवा ते दोन शब्द जोडत नसेल, तर तज्ज्ञ सावध होतात. अशी बरीच मुले पुढे आपोआप बरोबरीला येतात, काही येत नाहीत. आणि काहींच्या मुळाशी कानाचा दोष असतो. प्रश्नावलीतला आकडा हा निकाल नव्हे. तो कमी निघाला की पहिले काम कान तपासण्याचे.

आणखी एक घोटाळा होतो. चेक देशात व्हिएतनामी कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथल्या मुलाचा एक शब्द घरच्या भाषेतला, दुसरा पाळणाघरात ऐकलेला चेक. केवळ चेक शब्दांवर खुणा केल्या, तर चांगले बोलके मूलही मागासलेले दिसेल. त्याच्या दोन्ही भाषा विचारल्या पाहिजेत, आणि घरची भाषा आईलाच विचारली पाहिजे.