संस्थेबाहेरचे पहिले पाऊल : अनुरक्षण आणि स्वावलंबन

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• ‘अनुरक्षण’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• तिच्यामागील कायदेशीर तरतुदी सांगता येतील.
• स्वावलंबन आणि आधार यांचा परस्परसंबंध विशद करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अठरावा वाढदिवस तुम्ही कसा साजरा केला, ते आठवून पाहा. त्या दिवशी तुमच्या घराचा दरवाजा तुमच्यासाठी बंद झाला नाही. पुढेही नोकरी सुटली, आजारपण आले, तर परतण्याची एक जागा होती. बालगृहात वाढलेल्या मुलामुलींच्या बाबतीत मात्र हाच दिवस निरोपाचा ठरतो. बालगृह हे कायद्याने बालकांसाठी असते आणि अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने बालक राहत नाही. अशा तरुणांना समाजात स्थिरावण्यासाठी जी आर्थिक व अन्य मदत दिली जाते, तिला ‘अनुरक्षण’ म्हणतात.

कायदेशीर तरतूद

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये अनुरक्षणाची व्याख्या दिली आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, परंतु एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या आणि संस्थेतून बाहेर पडलेल्या व्यक्ती तिच्यात येतात. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत ही मदत आणखी दोन वर्षे देता येते. सहा ते आठ जणांची तात्पुरती सामूहिक निवासव्यवस्था, प्रशिक्षणकाळातील विद्यावेतन, रोजगारासाठी साहाय्य आणि समुपदेशन या सेवा त्यात अपेक्षित आहेत. महाराष्ट्रात अशा निवासासाठी ‘अनुरक्षणगृह’ हा शब्द रूढ आहे. याशिवाय राज्य शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण लागू केले.

येथे एक बारकावा लक्षात घ्या. अधिनियमाच्या कलम ४६ ची भाषा आर्थिक साहाय्य ‘देता येईल’ अशी आहे. ‘दिलेच पाहिजे’ अशी नाही. म्हणून तरतूद प्रत्यक्षात उतरणे हे मोठ्या प्रमाणावर जिल्हा बाल संरक्षण कक्ष, संस्थेचे अधीक्षक आणि स्थानिक समाज यांच्या तत्परतेवर अवलंबून राहते.

सातारा-सांगलीची परंपरा

या परिसराला वसतिगृहांचा मोठा वारसा आहे. १९१० मध्ये सांगलीजवळील दूधगाव येथे विद्यार्थी आश्रम सुरू करण्यात भाऊराव पाटील यांचा सहभाग होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. येथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच अनुभवातून रुजली.

या परंपरेतून अनुरक्षणाला काय घेता येईल? पहिली गोष्ट म्हणजे स्वावलंबनाचा सराव संस्थेत असतानाच झाला पाहिजे. ज्याने कधी बाजारहाट केला नाही, बँकेत स्वतःचे खाते हाताळले नाही, तो अठराव्या वर्षी एका रात्रीत व्यवहारचतुर होत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बोर्डिंगमधील मुलांमागे केवळ श्रमाची शिस्त नव्हती. लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या पोटासाठी आपले दागिने मोडले. मुलांना तेथे माणूस मिळाले होते.

तुलनेची मर्यादाही ओळखली पाहिजे. बोर्डिंगमधील पुष्कळशा मुलांना सुट्टीत जायला गाव होते. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या अनेकांना ते नसते. म्हणून ‘स्वतःच्या पायावर उभा राहा’ हा उपदेश त्यांच्याबाबतीत अपुरा ठरतो.

एक उदाहरण

अशी कल्पना करा, की बालगृहात वाढलेल्या एका मुलीला मिरजेत काम मिळाले आहे. पगार ठरला, पण खोली मिळेना. घरमालक विचारतात, “घरी कोण असतं?” कार्यालयात कायमचा पत्ता मागतात. ताप आला, तर कळवायचे कोणाला? दिवाळीला सगळे गावी गेल्यावर जेवायचे कोणाकडे? यांतील एकही अडचण कौशल्याच्या अभावाची नाही. सर्व अडचणी नात्याच्या अभावाच्या आहेत. विद्यावेतनाने भाडे भागते, जामीन राहणारा माणूस मात्र समाजालाच द्यावा लागतो.

यावरून उपाय स्पष्ट होतात. संस्था सोडण्यापूर्वीच आधारपत्र, जन्मदाखला, शाळेचे दाखले, बँक खाते आणि पात्र असल्यास अनाथ प्रमाणपत्र हाती असावे. निवास व शिक्षण यांचा आराखडा त्या तरुणाला विचारात घेऊन आधीच तयार व्हावा. आणि एखादी तरी प्रौढ व्यक्ती अशी असावी, जिला तो हक्काने फोन करू शकेल.

सारांश

अनुरक्षण म्हणजे उपकार नव्हे. घरातील मुलांना जे न मागता मिळते, त्याची ती उशिरा केलेली भरपाई आहे. काम करता करता शिकणारे तुम्ही विद्यार्थी ही गोष्ट चांगली जाणू शकता. तुम्ही घरमालक असाल, दुकानदार असाल, शिक्षक असाल. तुमच्याकडे खोली किंवा काम मागायला येणारा तरुण कदाचित असाच एखादा असेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. कलम ४६ मधील ‘देता येईल’ या शब्दरचनेचा व्यवहारात काय परिणाम होतो?
२. ‘स्वावलंबनासाठी आधार आवश्यक असतो’, या विधानाची चर्चा शाहू बोर्डिंगच्या संदर्भात करा.
३. तुमच्या तालुक्यातील अशा तरुणांसाठी तुम्ही स्वतः करू शकाल, अशी एक गोष्ट लिहा.