घरच्या संगणकाचा राखणदार

१८९८ साली हुबळी शहरात प्लेगने थैमान घातले होते. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८९७ च्या जानेवारीत, डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगवरील लस सिद्ध करून ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. हुबळीत ती हजारो नागरिकांना टोचण्यात आली. आणि टोचून घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळच कमी भरले. आज आपल्या घराघरांतून एक निराळीच टोचणी चालू आहे. ती माणसांना नव्हे, संगणकाला करावयाची असते. दिवाळीच्या सुटीत नवा संगणक घरी आला, की दुकानदार हटकून विचारतो, "अँटिव्हायरस कोणता घालू?" घरातील वडील मंडळी मुलांकडे पाहतात, मुले जाहिरातीत पाहिलेले एखादे नाव सांगतात, आणि प्रश्न तेथेच मिटतो. वस्तुतः तो तेथे सुरू व्हावयास हवा.

प्लेगचा जंतू निसर्गात उत्पन्न झाला. त्याचा कर्ता कोणी मनुष्य नव्हता. संगणकातील व्हायरस मात्र कोणी तरी बुद्धिपुरस्सर लिहिलेला प्रोग्रॅम असतो. दुसऱ्याच्या यंत्रात त्याच्या नकळत शिरणे आणि तेथून आपल्या प्रती पुढे पसरविणे, हा त्याचा धर्म. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीवरून जगभर फिरला, आणि गंमत अशी, की त्यात त्या भावांचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही दिलेला होता! भारतातही अशी कारागिरी झाली. १९९० साली आढळलेल्या एका भारतीय व्हायरसचे नाव चक्क 'जोशी' असे होते. ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकित करण्याची आज्ञा पडद्यावर दाखवी. तेवढे अभीष्टचिंतन केले, की यंत्र पुन्हा मुकाट्याने चालू लागे. आमच्या वाचकांत जोशी पुष्कळ असतील. त्यांनी हे मनास लावून घेऊ नये.

पुढे हा विनोद उरला नाही. 'मायकेलँजेलो' नावाचा व्हायरस दर वर्षी ६ मार्चला जागा होऊन हार्ड डिस्कवरील माहितीवर निरर्थक अक्षरे लिहून ती नष्ट करी. १९९२ साली त्याची धास्ती साऱ्या जगाने घेतली होती. याच काळात पुण्यात कैलास काटकर हे कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत होते. मूळचे सातारा जिल्ह्यातील. शालान्त परीक्षेच्या पुढे त्यांचे शिक्षण झालेले नव्हते. त्यांचे धाकटे बंधू संजय हे संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांतून वारंवार हे व्हायरस आढळत. म्हणून संजय यांनी ते काढून टाकणारे लहान लहान प्रोग्रॅम लिहिले. त्यांतूनच 'क्विक हील' जन्मास आले. कंपनीचे पहिले नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस. ते २००७ मध्ये बदलून क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तिचे भाग शेअर बाजारात आले. ही हकीकत आम्ही जाहिरातीसाठी सांगत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर रोजची अडचण नीट न्याहाळणाऱ्याच्या हातून केवढे काम होऊ शकते, याचे हे उदाहरण आपल्या जवळचे आहे, एवढाच हेतू.

आता हा राखणदार काम कसे करतो ते पाहू. कारण ते कळल्यावाचून निवड करणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. त्याची पहिली रीत पोलीस ठाण्यातील सराईत चोरांच्या छायाचित्रांच्या वहीसारखी असते. प्रत्येक ज्ञात व्हायरसची एक विशिष्ट खूण अँटिव्हायरसच्या यादीत नोंदलेली असते. फाईल उघडली किंवा पेन ड्राइव्ह जोडला, की तो ती खूण ताडून पाहतो. परंतु वहीत ज्याचे चित्रच नाही असा नवा चोर आला तर? म्हणून दुसरी रीत वर्तन पाहण्याची. एखादा प्रोग्रॅम मिनिटभरात शेकडो फायली उघडून बदलू लागला, की त्याचे नाव यादीत नसले तरी राखणदार त्याचा हात धरतो. संशयित फाईल तो लगेच नष्ट करीत नाही. एका वेगळ्या कोठडीत डांबतो. या कोठडीला क्वारंटाइन म्हणतात. हा शब्द २०२० पासून आपणां सर्वांच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. यावरून एक गोष्ट उघड होते. यादी रोज ताजी झाली नाही, तर राखणदार दारात उभा असूनही आंधळा असतो. मुदत संपलेला अँटिव्हायरस ठेवणे हे अनेकदा काहीच न ठेवण्यापेक्षा वाईट. कारण त्याने निष्कारण निश्चिंती मात्र येते.

मग कोणता घ्यावा? आमचे मत प्रथमच सांगून टाकतो: पुष्कळ घरांना तो विकत घेण्याची गरजच नसते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा 'डिफेंडर' हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच अंतर्भूत असतो. त्यास निराळे पैसे पडत नाहीत. मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, छायाचित्रे आणि वडिलांचा थोडासा बँकव्यवहार एवढेच जेथे चालते, तेथे तो चालू आणि अद्ययावत ठेवला तर तो पुरेसा आहे, असे आम्हांस वाटते. दुकानदारास हे मत फारसे रुचणार नाही! तथापि घरात चार-पाच यंत्रे असतील, लहान मुलांच्या वापरावर लक्ष ठेवण्याची सोय हवी असेल, किंवा अडचणीच्या वेळी दूरध्वनीवरून मदत करणारा माणूस हवा असेल, तर विकतचा अँटिव्हायरस घेण्यात शहाणपण आहे. पुण्याच्या क्विक हीलप्रमाणे चेन्नईची के-सेव्हन ही कंपनीही या व्यवसायात दीर्घकाळ आहे. परदेशी कंपन्या तर अनेक आहेत.

नावापेक्षा परीक्षेचा निकाल पाहावा. जर्मनीत माग्देबुर्ग येथे 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे 'एव्ही-कंपॅरेटिव्हज' या संस्था निरनिराळ्या अँटिव्हायरसची नियमित परीक्षा घेऊन निकाल प्रसिद्ध करतात. किती व्हायरस पकडले, एवढाच गुण त्या देत नाहीत. संगणक त्यामुळे किती मंदावला, आणि निरपराध फायलींना किती वेळा चोर ठरविले, हेही त्या पाहतात. या दोन गोष्टी घरगुती वापरात फार महत्त्वाच्या. जुन्या, कमी स्मरणशक्तीच्या संगणकावर जड अँटिव्हायरस घातला, की यंत्र सुरू होईपर्यंत चहा होऊन पिऊन होतो. आणि मग कंटाळून कोणी तरी राखणदारालाच बंद करून टाकतो. एकाच परीक्षेतील पहिल्या क्रमांकाने मात्र हुरळून जाऊ नये. शाळेतल्याप्रमाणेच येथेही दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तके एकत्र पाहिली म्हणजे खरा विद्यार्थी कळतो.

एकाऐवजी दोन अँटिव्हायरस घातले तर दुप्पट रक्षण होईल, असा समज आम्ही सुशिक्षित घरांतूनही ऐकला आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोघे एकाच फाईलवर एकाच वेळी हात टाकतात, एकमेकांस संशयित ठरवितात, आणि संगणक अडखळतो. दुसरा अँटिव्हायरस बसविला, की डिफेंडर सहसा आपण होऊन मागे सरतो, ते याचसाठी.

याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. अँटिव्हायरसला घरातील प्रत्येक खोलीची किल्ली द्यावी लागते. तो प्रत्येक फाईल उघडून पाहू शकतो, प्रत्येक संकेतस्थळाची भेट जाणू शकतो. तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरली आहे. 'अवास्ट' या नामांकित कंपनीने ग्राहकांनी कोणकोणती संकेतस्थळे पाहिली याची माहिती आपल्याच एका उपकंपनीमार्फत विकली होती. २०२० च्या जानेवारीत हे प्रकरण गाजल्यावर ती उपकंपनी बंद करण्यात आली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. राखणदाराची नुसती चूकही केवढी महाग पडते, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले. 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीच्या कार्यालयीन सुरक्षा-प्रोग्रॅमचा एक सदोष अपडेट गेला आणि जगातील सुमारे ८५ लाख संगणक एकदम बंद पडले. त्या दिवशी आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. म्हणून 'फुकट' या शब्दाने मोहून जाण्यापूर्वी, ही कंपनी आपला खर्च कोठून भागविते, असा प्रश्न विचारावा. आणि बसविताना पडद्यावर येणाऱ्या अटींपैकी माहिती इतरांस देण्याविषयीची अट तरी वाचावी.

खरेदीच्या व्यवहाराविषयी थोडेसेच. कोप्पीकर रस्त्यावरील दुकानातून घ्या किंवा घरबसल्या घ्या; किती यंत्रांसाठी व किती वर्षांसाठी परवाना आहे, हे पाकिटावर पाहून घ्यावे. पहिल्या वर्षी स्वस्त आणि नूतनीकरणाच्या वेळी महाग, अशी विक्रीची पद्धत सर्रास आढळते. कार्डावरून आपोआप पैसे वळते करण्याची संमती नकळत दिली गेली नाही ना, हेही पाहावे.

सर्वांत घातक तो बनावट राखणदार. 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले आहेत, येथे दाबा' अशी लाल पाटी संकेतस्थळावर झळकते. संकेतस्थळाला आपल्या संगणकाच्या पोटातले काही दिसत नसते. ती पाटी निव्वळ थाप असते. तसाच, 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतो आहे' असे सांगणारा दूरध्वनी. ही कंपनी अशी कोणाच्या घरी आपण होऊन दूरध्वनी करीत नाही.

विद्यार्थ्यांना व्हायरस बहुधा भेटतो तो झेरॉक्सच्या दुकानात. प्रकल्पाची पाने छापून आणण्यासाठी पेन ड्राइव्ह दिला जातो. त्या दुकानातल्या संगणकावर दिवसभरात पन्नास जणांचे पेन ड्राइव्ह लागलेले असतात. घरी आल्यावर पाहावे, तो आपल्या फायली अदृश्य आणि त्यांच्याच नावांचे शॉर्टकट पुढे ठेवलेले! अशा वेळी घाबरून त्या शॉर्टकटवर टिचकी मारू नये. मूळ फायली बहुधा लपविलेल्या असतात, गेलेल्या नसतात. पेन ड्राइव्ह जोडताच तपासण्याची सोय अँटिव्हायरसमध्ये असते. ती चालू आहे ना, हे निवडीच्या वेळीच पाहावे.

अँटिव्हायरस कितीही उत्तम असला तरी काही कामे त्याच्या आवाक्याबाहेरची आहेत. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस दीडशेहून अधिक देशांत पसरला. तो फायलींना कुलूप लावून खंडणी मागत असे. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजविण्याची सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांच्या भिंतीला भोक तसेच राहिले. दारातला राखणदार तेथे काय करणार? पुष्कळ घरांतून अजून विंडोज १० चालते. तिच्या सर्वसाधारण मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. नाव नोंदविणाऱ्यांस पुढे एका वर्षाची सवलत देण्यात आली. अशा घरांनी नव्या अँटिव्हायरसचा विचार करण्यापूर्वी विंडोजचाच विचार करावा. तसेच, आपण होऊन कोणास ओटीपी सांगितला, तर कोणताही अँटिव्हायरस तो परत आणू शकत नाही. तेव्हा विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळविणे, हाच मार्ग.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब धारवाडला राहते. त्या घरातील आजोबा उत्तम भजने गात. ते वारल्यानंतर त्यांच्या जुन्या कॅसेटींवरील गाणे मुलाने मोठ्या कष्टाने संगणकावर उतरविले होते. अँटिव्हायरसची मुदत संपली, तेव्हा नातवाने पैसे वाचविण्याच्या सद्हेतूनेच एका विकतच्या अँटिव्हायरसची चोरटी प्रत इंटरनेटवरून उतरवून घेतली. तिच्यासोबतच्या सूचनांत पहिलीच सूचना अशी होती, की बसविण्यापूर्वी संगणकातील चालू असलेला राखणदार बंद करावा. त्याने तो बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या फायलींची नावे बदललेली होती आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती. दुसरी प्रत ज्या हार्ड डिस्कवर होती, तीही संगणकाला जोडलेलीच असल्यामुळे तिचीही तीच गत झाली. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा तो मुलगा कोणाशी बोलत नव्हता, आणि त्याला रागे भरण्याचे धैर्य घरात कोणालाही नव्हते. खंडणी त्यांनी दिली नाही. दिली असती तरी फायली परत मिळतीलच, अशी हमी कोण देणार?

पुष्कळ कॅसेटी पूर्वीच रद्दीत गेल्या होत्या. माळ्यावरच्या ट्रंकेत दोन सापडल्या. एकीची फीत मध्ये चुरगळलेली आहे, तरी तीन भजने पुरती ऐकू येतात. नातवाने ती पुन्हा संगणकावर उतरविली, नवीन हार्ड डिस्कवर तिची प्रत केली, आणि ती डिस्क तारेसह काढून आजीच्या कपाटात ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती बाहेर निघते, अर्धा तास संगणकास जोडली जाते, आणि पुन्हा कपाटात जाते. किल्ली आजीच्या कनवटीला असते.