दूरच्या दप्तराशीं बोलणें

सातबाऱ्याचा उतारा किंवा बँकेंतील शिल्लक संगणकावर पाहावयास मिळते, याचें आतां कोणास नवल वाटत नाहीं. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रांत १ मे २०१८ पासून मिळूं लागला. अशा नोंदींच्या संगणकीय दप्तरास डेटाबेस म्हणतात. हें दप्तर बहुधा दूर असतें. आपल्या समोरचा संगणक त्याच्याशीं ज्या ठराविक रीतीनें बोलतो, तिला प्रोटोकॉल असें नांव आहे. ही रीत कशी निवडावी, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

समजा, एका पतसंस्थेची मुख्य कचेरी आटपाडींत व शाखा दिघंचीस आहे, आणि डेटाबेस आटपाडीच्या संगणकांत आहे. दिघंचीच्या खिडकीवर एक बागाईतदार डाळिंबाच्या पैशांतून २०,००० रुपये काढावयास आला. हा निरोप आटपाडीस कसा न्यावयाचा?

एक रीत यूडीपी. तिचे नियम १९८० सालीं प्रसिद्ध झाले. ती निरोप पाठवून मोकळी होते. तो पोंचला कीं नाहीं, किंवा मागचा निरोप पुढच्याच्या आधीं गेला काय, याची ती चौकशी करीत नाहीं. रेडिओवरील भाषणाचेंहि असेंच आहे. माझा एखादा शब्द खरखरींत बुडाला, तर तो आपणांस परत मागवितां येत नाहीं, व त्यावांचून फारसें अडतहि नाहीं. म्हणून संगणकावरील संभाषणास ही रीत पुष्कळदां सोयीची पडते. हिशेबाच्या वहींतून मात्र एक ओळहि गळून चालत नाहीं.

दुसरी रीत टीसीपी. तिची मूळ कल्पना व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनीं १९७४ सालीं मांडली, आणि १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेंतील अर्पानेट या जाळ्यानें ती स्वीकारली. ही रीत प्रथम दोन्ही टोकांकडून 'ऐकूं येतें' असें वदवून घेते. मग मजकुराच्या तुकड्यांस क्रमांक देते, प्रत्येकाची पोंच मागते, हरवलेला तुकडा पुन्हां पाठविते आणि सर्व तुकडे क्रमानें जुळविते. वेळ किंचित् अधिक लागतो. पण दूरच्या शाखेसाठीं हीच रीत योग्य होय.

डेटाबेस व त्याच्याशीं बोलणारा कार्यक्रम एकाच संगणकांत असतील, तर गोष्ट निराळी. एका खोलींत बसलेल्या दोघां कारकुनांनीं एकमेकांस टपालानें पत्र कशाला पाठवावें? त्यासाठीं मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्यें 'शेअर्ड मेमरी', तर लिनक्सवरील पोस्टग्रेस व मायएसक्यूएल यांत 'युनिक्स सॉकेट' ही जवळची वाट आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्यें 'नेम्ड पाइप्स' नांवाची आणखी एक रीत आहे. कचेरींतल्या जलद जाळ्यांत ती चालते. परंतु तिच्यांत निरोपांची जा-ये फार, म्हणून मंद तारेवर ती रेंगाळते.

एवढ्यानें मात्र निश्चिंत होऊं नये. टीसीपीची पोंच ही टपालाच्या पोंचपावतीसारखी आहे. अर्ज कचेरींत पोंचला इतकेंच तिच्यावरून कळतें. तो मंजूर झाला कीं नाहीं, हें कळत नाहीं. समजा, २०,००० रुपये खात्यांतून वजा झाले, आणि तसा उलट निरोप येण्यापूर्वींच तार तुटली. दिघंचीच्या कारकुनास कांहींच कळलें नाहीं. त्यानें पुन्हां कळ दाबली, तर बागाईतदाराच्या हातीं वीस हजार पडतील आणि खात्यांतून चाळीस हजार जातील. हा दोष कोणताहि प्रोटोकॉल आपण होऊन निवारीत नाहीं. त्यासाठीं प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. तार जुळल्यावर प्रथम 'अमुक क्रमांकाची नोंद झाली काय?' असें विचारावें, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसनें तो नाकारावा.

शिवाय टीसीपी मजकूर जपून नेते, पण झांकून नेत नाहीं. उघडें कार्ड वाटेंत कोणीहि वाचूं शकतो; त्यास लिफाफा घालण्याचें काम टीएलएस नांवाची वेगळी व्यवस्था करते.

तेव्हां आपल्या सोसायटींत किंवा पतसंस्थेंत संगणक बसविणारे गृहस्थ येतील, तेव्हां सभासदांनीं यंत्राची किंमत विचारून थांबूं नये. दूरच्या शाखेचा निरोप कोणत्या रीतीनें जातो, तो झांकलेला असतो काय, आणि मध्येंच तार तुटली तर एकच रक्कम दोनदां वजा होणार नाहीं याची तजवीज काय केली आहे, हेंहि विचारावें. पैसा सभासदांचा आहे. विचारण्याचा अधिकारहि त्यांचाच आहे.