आरोग्यविम्याचा दावा आणि उलटलेली मुदत

आरोग्यविम्याच्या दाव्याला एकच मुदत नसते. सर्वसाधारण आणि आरोग्यविमा कंपन्या सारख्याच अटींवर विकतात ती ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी पाहिली, तर हे स्पष्ट होते. आधी ठरलेल्या शस्त्रक्रियेची सूचना दाखल होण्यापूर्वी किमान 48 तास द्यायची. अचानक दाखल व्हावे लागले, तर 24 तासांत किंवा डिस्चार्जपूर्वी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. बिल स्वतः भरून भरपाई मागायची असल्यास कागदपत्रे डिस्चार्जपासून 30 दिवसांत पोहोचली पाहिजेत. डिस्चार्जनंतर 60 दिवसांपर्यंतची औषधे व तपासण्याही या पॉलिसीत बसतात. त्यांची बिले हे उपचार संपल्यापासून 15 दिवसांत द्यायची. इतर पॉलिसींत हे आकडे बदलतात, कार्यालयाच्या गट-विम्यात तर बरेचदा.

नेमकी इथेच अनेक कुटुंबे अडकतात. औषधे चालू आहेत, सगळी बिले एकदमच पाठवू, असे म्हणून मुख्य दावा मागे ठेवला जातो आणि 30 दिवस निघून जातात. रुग्णालयाचा दावा आधी आणि नंतरच्या खर्चाचा वेगळा, हाच योग्य क्रम. कॅशलेसमध्ये बहुतेक कागद रुग्णालय व टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) परस्पर पाठवतात, त्यामुळे तिथे ही धास्ती कमी.

मुदत उलटली म्हणजे हक्क संपला, असे मात्र नाही. विमा नियामक ‘इर्डाई’ने 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे की, टाळता न येणाऱ्या कारणाने झालेल्या उशिरावर बोट ठेवून खरा दावा फेटाळू नये. उशिराचे कारण तपासून नोंदवावे, आणि वेळेत आला असता तरी हा दावा नाकारलाच गेला असता का, हेही पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या वाहनचोरीच्या खटल्यात हीच भूमिका घेतली. मुदतीची अट असते ती दाव्याची पडताळणी वेळेत करता यावी म्हणून, आणि दाव्याचा खरेपणा तपासता येत असेल तर केवळ तारखेसाठी पैसे नाकारणे अन्यायाचेच आहे.

म्हणून उशिरा दावा करताना सोबत कारणाचे पत्र हवेच. रुग्ण अतिदक्षता विभागात होता, रुग्णालयाने डिस्चार्ज समरी उशिरा दिली, मूळ बिले दुसऱ्या विमा कंपनीकडे अडकली होती: जे घडले ते तारखांसह लिहावे, पुरावा जोडावा, पोच घ्यावी. ‘विसरलो’ हे कारण टिकणे कठीण. वर्षानुवर्षांच्या विलंबाने रुग्णालयाची नोंदच मिळेनाशी झाली, तर खरा दावाही लंगडा पडतो.

कंपनीने तोंडी नकार दिला, तर लेखी कारण मागावे. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर मिळाले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुण्यातही आहेत. भरपाईची मर्यादा 50 लाख रुपये, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षे खुला असतो; पुरेसे कारण दाखवल्यास आयोग तिथलाही विलंब माफ करू शकतो. मात्र आयोगात आधीच दाखल केलेले प्रकरण लोकपाल घेत नाही.